आवणीच्या दिवशी पालकसभा

मुख्याध्यापक स्वतःहून आमच्या दारात आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पोरीनं शाळेत काही केलं असेल तर मास्तर कुणाच्या तरी हाती निरोप धाडतात, चालत येत नाहीत. त्यात हे गृहस्थ डहाणूहून मोटारसायकलवर येणारे, शाळा सुटली की रेनकोट चढवून लगेच परत फिरणारे. त्या दिवशी शाळा सुटून बराच वेळ झाला होता आणि हे चिखल तुडवत आमच्या अंगणात उभे. ओटीवर बसले, चहा नको म्हणाले, मग तो प्यायले, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, यंदा शाळेच्या समितीत तुम्ही या. सुशिक्षित पालक पाहिजेत."

मला कुणी सुशिक्षित म्हटलं की मी सावध होते. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून मी या गावात लग्न होऊन आले, त्यानंतर माझ्या शिक्षणाची आठवण गावाला फक्त बँकेची स्लिप भरताना झाली आहे. आज एकदम मुख्याध्यापकांना ती झाली म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी मूळची चिंचणीची. वडील तारापूरला कंपनीत. आई बंदरावर मासळी घ्यायला जायची तेव्हा विकणारी कितीही ओळखीची असो, आधी कल्ले उघडून बघायची. विकणारी चिडायची, आई हसायची आणि दुसऱ्या माशाचे कल्ले उघडायची. मी त्याच हाताखाली वाढले, त्यामुळे कुणी गोड बोललं की मला आधी वास घ्यावासा वाटतो. माझा नवरा मला वकिलीणबाई म्हणतो. सासरी येऊन आता बरीच वर्षं झाली, पण तलासरीकडच्या या डोंगरातल्या गावात मी अजूनही 'चिंचणीची'च आहे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं खिचडीची शेड. मुलं दर वर्षी थोडी कमी होत चालली होती आणि मागच्या वर्षापासून एक बोलणं हवेत होतं, की कमी मुलांच्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत घालणार. आमच्यासाठी मोठी शाळा म्हणजे हायवेच्या पलीकडची. मुंबईहून अहमदाबादला जाणारे ट्रक जिथून रात्रंदिवस पळतात तो हायवे. जवळचा भुयारी रस्ता लांब वळसा घालून, म्हणून लोक दुभाजकाच्या तुटलेल्या जागेतून पळत पलीकडे जातात. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. घरच्या अंगणातून ओट्यावर चढताना अजून तिचा पाय अडखळायचा. ती त्या दुभाजकात उभी राहून दोन्हीकडे बघते आहे, हे चित्र एकदा डोळ्यांपुढं आलं ते जाईना. शाळा हलवायची वेळ आली तर समितीचं म्हणणं विचारतील, ठराव मागतील, असं सगळे म्हणत होते. म्हणजे समितीत कोण बसतंय यावर माझ्या पोरीचा रस्ता ठरणार होता. मला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

"साहेब, शाळा बंद होणार आहे का?" मी सरळ विचारलं.

"तसं काही लेखी आलेलं नाही," ते म्हणाले.

"तोंडी?"

ते उठले आणि छत्री शोधू लागले. छत्री त्यांच्या पायाशीच होती.

दोन दिवसांनी समितीचे जुने अध्यक्ष आले. हे आमच्याच गावठाणातले, नात्यानं माझे लांबचे दीर लागतात. त्यांच्या दोन प्रवासी गाड्या तलासरीहून उंबरगावला कामगार घेऊन जातात. त्यांनी तर पिशवी भरून चिकू आणले. आमच्याकडं चिकू ही कुणी कुणाला भेट द्यावी अशी वस्तू नाही, डहाणूच्या बाजूला पोत्यानं पडलेला असतो. आणि पावसाळ्यातला चिकू, त्याला चवही धड नाही. म्हणजे माणूस रिकाम्या हातानं यायला घाबरला होता एवढाच त्याचा अर्थ.

"वयनी, तुमी मेंबर व्हा," ते म्हणाले. "मीच नाव सुचवतो. बायांच्या जागा भरायच्या हायेत."

आता बायांच्या जागा कशा भरतात हे मी आल्यापासून बघत होते. समितीत निम्म्या बाया पाहिजेत असा नियम आहे, म्हणून बाया असतात. मीटिंगला त्यांचे नवरे जातात. बाई शेतावर असली तर बांधावर जाऊन तिचा अंगठा किंवा सही घेतात, आणि पुढच्या वेळी ती भेटली की "काय मेंबरीणबाय" म्हणून हसतात. माझ्या नवऱ्यालाही लोकांनी आतापासूनच 'मेंबर' म्हणायला सुरुवात केली होती. त्याला त्यात गंमत वाटायची. मला संताप यायचा.

मी विचार केला. शाळा हायवेपार गेली तर तिथवर पोरं नेणार कोण? गाड्या कुणाच्या? आणि मग हेच गृहस्थ मला पिशवीभर चिकू देऊन मेंबर करणार, बांधावर येऊन सही घेणार, आणि ठरावाखाली माझंच नाव. मी चिकूची पिशवी त्यांच्यापुढं सरकवली.

"मेंबर कशाला, भाऊ? मी अध्यक्षालाच उभी राहते."

आमच्याकडं अध्यक्षही पालकसभेतच हात वर करून ठरवायची पद्धत पडली होती. त्यांनी एकदा पिशवीकडं बघितलं. मग म्हणाले, "राहा की. कोण नको म्हणतंय?" आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मी नंतर कितीतरी दिवस लावत होते. चिकू मात्र ते ठेवून गेले.

नवरा कंपनीतून आल्यावर मी सगळं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "मुख्याध्यापक म्हणतात ये, अध्यक्ष म्हणतात ये. आणि तू म्हणतेस दोघं तुझ्या विरोधात आहेत."

"दोघं एकाच वेळी ये म्हणतात, म्हणूनच."

"मग नको जाऊ."

"तेच तर त्यांना पाहिजे असेल."

त्यानं ताटावरून हात उचलून मला नमस्कार केला.

मी घरोघर फिरायला लागले. गावठाण झाल्यावर वरचे पाडे. पावसानं पायवाटा निसरड्या, आणि बाया भेटायच्या त्या शेतातच, कारण रोपं तयार होत आली होती. प्रत्येक ठिकाणी मी एकच सांगायचे: मी शाळेत अध्यक्षाला उभी आहे, शाळा हलू द्यायची नाही, पोरं हायवेवर जाऊ द्यायची नाहीत, सभेला या आणि हात वर करा. आणि प्रत्येक ठिकाणी मला एकच प्रश्न येई.

"याच्यात तुमचा काय?"

माझं काही नाही, पोरगी शाळेत आहे, एवढंच, असं म्हटलं की समोरची बाई मान हलवायची. पण मान हलवायची ती, ही बाय काही सांगत नाही, अशा थाटात. एकीनं ठरवून टाकलं होतं की मला खिचडीचं काम माझ्या सासूला मिळवून द्यायचंय. माझ्या सासूबाई बिचाऱ्या गुडघ्यांनी आजारी, चुलीपुढं बसवत नाही. दुसरीला खात्री होती की मी पुढं ग्रामपंचायतीला उभी राहणार आणि ही तालीम आहे. वरच्या पाड्यावरच्या एका म्हातारीनं तर माझ्याकडं बराच वेळ बघून विचारलं, "शालेची जमीन कोणाला पायजे?" आमच्या भागात कुणी टेप घेऊन फिरलं तरी लोक त्याच्या मागं जातात, इतकी मोजणी या लोकांनी बघितली आहे. तिचं चुकलं असं मला म्हणवेना. तिच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

पण सगळ्यात जास्त मला खटकलं ते वेगळंच. शेवटी सगळ्या "येऊ, येऊ" म्हणायच्या. कुणी कां-कूं केली नाही. आमच्या बाया साधं हळदीकुंकवाला बोलावलं तरी आधी कामं मोजतात, आणि इथं लगेच होकार. मला वाटलं, माझ्याआधी तो अध्यक्ष इथं येऊन गेलाय आणि त्यालाही या असंच "येऊ" म्हणाल्यात. मी एकीला तसं विचारलंसुद्धा.

"भाऊ आला होता का इकडं?"

"नाय बाय. कोणीच नाय आलं," ती म्हणाली आणि पोराला काखेत घेऊन आत गेली. आत गेली म्हणजे आला असणार, असं मी मनाशी पक्कं केलं.

घरातही मी डोळ्यांत तेल घालून होते. आमच्या अंगणाला लागूनच माझ्या धाकट्या जावेचं घर. चुली वेगळ्या, पण ओटी एकच. तिचा मुलगा माझ्या पोरीच्याच वर्गात. पहिलीत दोघं एका छत्रीत शाळेत जायची आणि येताना दोघंही भिजलेली यायची. यंदा शाळा सुरू झाली तरी तो दिसत नव्हता. त्याचं आजोळ झाईला, समुद्राकाठी. "मामाकडं हाय, आवणी झाली का येईल," जाऊ म्हणाली. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत निम्मी पोरं इकडंतिकडं असतात, शाळेत कुणी विचारतही नाही. मीही विचारलं नाही. जाऊ मला मत देईल का, हा हिशेब मात्र मी दहा वेळा केला, कारण तिचा नवरा अधूनमधून अध्यक्षांची गाडी चालवायचा.

मग सभेची तारीख कळली. तारीख बरोबर आवणीच्या ऐन भरात.

आता हे कुणी शहाण्यानं मुद्दाम केल्याशिवाय होईल का? भात लावायचे ते दिवस म्हणजे गावात माणूस सापडत नाही. रोपं उपटून चिखलात लावेपर्यंत कुणाला शाळा आठवणार नाही, दवाखाना आठवणार नाही. सभेला येणार ते रिकामे पुरुष, आणि रिकामे पुरुष सगळे त्या अध्यक्षांच्या गाडीजवळ उभे असतात. मी तडक शाळेत गेले.

"साहेब, ही तारीख कुणी काढली?"

"वरून मुदत आहे, ताई."

"आवणी आहे हे वरच्यांना माहीत नाही, पण तुम्हाला आहे ना?"

"मला माहीत आहे," ते म्हणाले. फळा पुसत होते, पुसतच राहिले. "पुढं ढकलली तर आणखी उशीर होईल. आणि ताई, उशीर आता परवडणारा नाही."

कशाला परवडणारा नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मी रागानं बाहेर पडले आणि घरी येईपर्यंत मला युक्ती सुचली होती.

आमच्याकडं आवणी कुणी एकटं करत नाही. आज तुझ्या शेतावर सगळ्या, उद्या माझ्या. ज्या घरचं शेत असेल त्या घरानं दुपारचं जेवण घालायचं. शेजारच्या पाड्यावरच्या बायाही येतात, आणि ज्यांच्याकडं आपण गेलो त्यांनी आपल्याकडं आलंच पाहिजे, यात कुणी चुकत नाही. आमची जमीन शाळेच्या मागच्या बाजूला, बांध ओलांडला की शाळेचं कुंपण. मी सासूबाईंना म्हटलं, आपली आवणी सभेच्या दिवशी ठेवू. सासूबाईंना काही फरक नव्हता. नवऱ्यानं मात्र लगेच ओळखलं.

"बायांना धरून नेणार तू."

"चालत नेणार. कुंपणापलीकडंच तर आहे."

त्या दिवशी पहाटेपासून माझ्या अंगात उत्साह होता. चिंचणीहून आईनं दिलेली सुकट काढली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. बाया आल्या, जवळजवळ सगळ्या आल्या. डोक्यावरून प्लास्टिकचे कागद बांधून रांगेत वाकून रोपं लावू लागल्या. एरवी आवणीत कुणी गप्प बसत नाही. त्या दिवशी बोलणं होत होतं, पण मी जवळ आले की बदलायचं. मी त्याचीही नोंद घेतली. म्हटलं, आज दुपारी कळेलच कोण कुणाचं आहे ते.

जेवणं आटोपली आणि मी म्हटलं, "चला, शाळेत जाऊन येऊ. सभा आहे. हात वर करायचा आणि परत यायचं."

क्षणभर कुणी उठलं नाही. मग एक उठली आणि तिच्यामागं सगळ्या. नको कुणीच म्हणाली नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात विळे नाहीत एवढंच. आम्ही कुंपणातून आत शिरलो तेव्हा व्हरांड्यात उभ्या असलेल्या पुरुषांचे चेहरे बघण्यासारखे झाले. अध्यक्ष तिथंच होते. मी त्यांच्याकडं बघून हसले. इतकी वर्षं सही-अंगठ्यासाठी बांधावर येत होते, आज बांधच शाळेत आणला होता मी. छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू.

दोन्ही वर्गांमधलं दार उघडून सगळे बसले. मुख्याध्यापकांनी समितीची माहिती सांगितली, ती कुणी ऐकली नाही. मग ते थांबले. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. आणि बायांकडं न बघता म्हणाले, "अध्यक्षपदासाठी दोन नावं आहेत. हात फक्त पालकांनी वर करायचा. म्हणजे ज्यांची मुलं यंदा आपल्या शाळेत शिकतायत, त्यांनीच. बाकीच्यांनी कृपा करून बाहेर व्हरांड्यात बसावं."

हे तर ठरलेलंच होतं. यात मला काही संशयाचं वाटलं नाही. एखादी म्हातारी, एखादी नवीन सून उठेल, असं मला वाटलं.

पहिल्यांदा उठली ती वरच्या पाड्यावरची, जी पोराला काखेत घेऊन आत गेली होती. तिचा मोठा मुलगा तिसरीत. मी म्हटलं, "अगं तू बस, तुझा आहे ना शाळेत." ती म्हणाली, "आश्रमशालेत घातला, बाय." आणि बाहेर गेली. तिच्यामागं आणखी एक. मग दोघी एकदम. कुणाची पोरं आश्रमशाळेत, कुणाची हायवेपारच्या त्याच मोठ्या शाळेत आधीच नावं घालून झालेली, एकीची बहिणीकडं डहाणूला. त्या काही सांगत नव्हत्या, मीच एकेकीच्या तोंडाकडं बघायचे आणि मग ती हळूच सांगायची. जाताना प्रत्येकीच्या पायाचा चिखल फरशीवर उमटत होता. कुणी घाई केली नाही, कुणी वादही घातला नाही.

मग माझ्या शेजारून माझी जाऊ उठली.

"तू कुठं?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"त्याला उंबरगावला टाकला, ताई. इंग्लिश मीडियमला. मामा नेतो गाडीवर." आणि पदर डोक्यावर ओढून ती गेली.

वर्गात उरलो आम्ही थोडेजण. तेवढे लोक एका ओटीवर बसले असते. मला वाटत होतं आपण काहीतरी विचारावं, कुणालातरी जाब विचारावा, पण कुणाला विचारावा ते कळेना. ज्याच्यावर इतके दिवस नजर ठेवून होते तो माणूस तर माझ्यासमोर बसला होता, आणि त्याचा धाकटा मुलगा चौथीत, याच शाळेत होता.

तोच उठला. म्हणाला, "मी माझं नाव मागं घेतो. वयनींनाच करा." आणि पहिला हात त्यानं वर केला.

मी अध्यक्ष झाले. बिनविरोध. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या एवढ्याशा वर्गात घुमल्यासुद्धा नाहीत. त्यानं नाव मागं का घेतलं, याचा मी अजून विचार करते. शाळा बुडायची ती माझ्या नावावर बुडू दे, आपलं नाव ठरावाखाली नको, असा हिशेब असणार. किंवा नसेलही. त्याच्या दोन गाड्या आहेत हे काही मी विसरलेले नाही.

बाहेर पडताना मुख्याध्यापक दारात उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"दाखले मीच दिले, ताई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. जी उरलीयत तीही गेली असती." त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "म्हणून तुमच्याकडं आलो होतो. म्हटलं, तुम्ही पुढं आलात तर लोकांना धीर येईल. तोवर उशीर झाला होता."

आवणी अर्धी राहिली होती. रोपांच्या जुड्या उपटून बांधावर ठेवलेल्या, त्या तशा ठेवून चालत नाही. मी कुंपणातून परत शेतात आले. बाया माझ्याआधीच येऊन वाकल्या होत्या. ज्यांच्याकडं मी गेले होते त्या माझ्याकडं आल्या होत्या आणि काम संपेपर्यंत थांबणार होत्या, त्यात त्यांच्याकडून काही कमी होणार नव्हतं. फक्त बोलत कुणी नव्हतं. मी जावेच्या शेजारच्या ओळीत उतरले.

बराच वेळ आम्ही लावत गेलो. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. शेवटी मी तिला म्हटलं, "मला सांगायचंस तरी. एका ओटीवर राहतो आपण."

"काय सांगायचं, ताई?"

"की तू त्याला काढतेयस."

ती सरळ उभी राहिली. हातातली जुडी तशीच धरून माझ्याकडं बघायला लागली. तिला खरंच नवल वाटत होतं.

"तुमी सांगितला का मला?" ती म्हणाली.

"मी काय सांगायचं?"

"तुमची पोर चिंचणीला जाणार ते. आजीकडं. तिथल्या शालेत नाव घातलाय ते."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे कोणी? मे महिन्यात तुमी तिला घेऊन चिंचणीला गेलात, इतके दिवस राहिलात. सगळी बोलत होती. तुमी एवढ्या हुशार, तुमाला सगळं आधी कलतं. शाला बंद व्हायची असली तर तुमी काय बसून राहणार? मला वाटला, तुमची गेली का मग माझा एकटा राहील इथं. कोणाबरोबर जायचा तो? म्हणून मी आधीच टाकला."

मी मागं वळून बघितलं. रांगेतल्या सगळ्या वाकलेल्या होत्या, पण कुणाचा हात चालत नव्हता. "तुम्हालाही तसंच वाटलं?" मी विचारलं.

वरच्या पाड्यावरची म्हणाली, "तुमीच जाता म्हटल्यावर आमची पोरां ठेवून काय करायचा, बाय?" तिनं ते दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं.

मे महिन्यात माझ्या आईचा मोतीबिंदू काढला होता. मी तिच्याजवळ राहिले होते, एवढंच. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की हे ऐकायलासुद्धा तसंच वाटणार आहे. काहीतरी झाकायला सांगितल्यासारखं. तरी मी सांगितलं. आईचा डोळा, डॉक्टर, पट्टी, सगळं सांगितलं. पोरीचं नाव कुठंही घातलेलं नाही, ती इथंच शिकतेय, इथंच शिकणार, हेही सांगितलं. मी शपथ घेतली. एवढ्या चिखलात उभी राहून मी माझ्या पोरीची शपथ घेतली, जी मी आजवर कधी कुणासाठी घेतलेली नाही.

जाऊ सगळं ऐकत होती. मधे मधे मान हलवत होती.

"म्हणजे नाय नेणार तुमी तिला?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. वाकता वाकता तिनं पलीकडच्या बाईकडं एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात तिचा माझ्यावर जराही विश्वास बसलेला नव्हता.